धर्माचा साचा आणि पर्यावरणाचा प्रश्न

१५ सप्टेंबर २००३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉमनवेल्थ क्लबमध्ये मायकेल क्रायटन या अमेरिकी कादंबरीकाराने एक भाषण केले. पाश्चात्त्य जगातील शहरी, देव न मानणाऱ्या माणसांनी पर्यावरणवाद हाच आपला धर्म म्हणून स्वीकारला आहे, असे त्याचे म्हणणे होते. निसर्गाशी एकरूप असलेला आदिम काळ म्हणजे नंदनवन, प्रदूषण म्हणजे त्या नंदनवनातून झालेले पतन, ऊर्जेच्या उधळपट्टीपायी येऊ घातलेला विनाश म्हणजे अखेरच्या निवाड्याचा दिवस आणि शाश्वतता म्हणजे तारणाचा मार्ग, अशा जोड्या त्याने एकापुढे एक लावल्या. सेंद्रिय अन्न हे या धर्मातील पवित्र भोजन आहे, असेही तो म्हणाला. पुढे २००८ मध्ये फ्रीमन डायसन यांच्यासारख्या थोर भौतिकशास्त्रज्ञानेही पर्यावरणवाद हा जगभर पसरलेला ऐहिक धर्म आहे असे लिहिले. मात्र त्या धर्माची नीती मुळात योग्य आहे, असे त्यांनी त्याच लेखात नोंदवले होते आणि त्यांचे नाव घेऊन ही तुलना पुढे नेणारे बहुतेक जण हा भाग गाळतात.

मराठीतही हा युक्तिवाद आता चांगला रुळला आहे. जैतापूरचा अणुप्रकल्प असो, आरेतील मेट्रोची कारशेड असो किंवा जनुकीय बदल केलेले बियाणे असो, आक्षेप घेणाऱ्याला ‘ही तुमची श्रद्धा आहे, तिच्याशी वाद कसा घालायचा’ असे ऐकावे लागते. मी स्वतःला पर्यावरणाच्या चळवळीच्या बाजूचा मानतो आणि म्हणूनच या आरोपाची दखल घेणे मला आवश्यक वाटते. त्याचा काही अंश खरा आहे. परंतु ‘हा धर्म आहे’ एवढे म्हटल्याने त्या धर्माची म्हणून सांगितलेली विधाने खोटी ठरत नाहीत, आणि ती खरी की खोटी हे तपासण्याचे कष्ट वाचवण्यासाठीच ही तुलना अनेकदा वापरली जाते, असे माझे मत आहे.

आधी तुलनेच्या घडणीकडे पाहू. नंदनवन, पतन, निवाडा आणि तारण हा क्रम ख्रिस्ती धर्मकथेचा आहे. आपल्याकडच्या कल्पनेत युगे फिरून येतात, प्रलयानंतर सृष्टी पुन्हा सुरू होते आणि सगळ्या मानवजातीचा एकदाच होणारा निवाडा त्यात नाही. हवामान बदलाची चिंता ही जर त्या ख्रिस्ती कथेचीच नवी आवृत्ती असती, तर त्या कथेत न वाढलेल्या माणसांना ती शिवायलाही नको होती. प्रत्यक्षात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आणि उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने तापल्याचे नोंदवलेले आहे. हे आकडे तापमापकांच्या नोंदींवरून काढलेले आहेत. नोंद घेणारा कोणत्या धर्मात जन्मला यावर ते अवलंबून नाहीत.

दुसरी अडचण अशी की पर्यावरण आणि धर्म यांचे नाते लावताना अभ्यासकांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले आहेत. लिन व्हाइट या मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासकाने मार्च १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात पर्यावरणाच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माच्या मानवकेंद्री दृष्टीत शोधले आणि पर्यावरणवाद्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला आपला संरक्षक संत मानावे असे सुचवले. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला ते स्थान अधिकृतपणे दिलेही. म्हणजे एका मांडणीत ख्रिस्ती धर्म हा रोगाचे कारण आहे आणि दुसऱ्या मांडणीत पर्यावरणवाद हाच वेषांतर केलेला ख्रिस्ती धर्म आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट नेल्सन यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात या तुलनेला सर्वांत गंभीर रूप दिले. परंतु त्यांच्याच मांडणीत अर्थशास्त्र हाही एक धर्म ठरतो आणि आर्थिक प्रगती हे त्याचे तारण ठरते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, पण याच ठिकाणी तुलनेची धार जाते असे मला वाटते. संस्थापक, ग्रंथ, शत्रू, त्याग, भविष्याचे स्वप्न आणि फुटीर पंथ या गोष्टी स्वातंत्र्यलढ्यात, कामगार चळवळीत, सहकारी चळवळीत, अगदी मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांतही दाखवता येतात. माणसे एखाद्या कार्यासाठी एकत्र आली आणि मनापासून झटू लागली की या खुणा दिसतातच. त्यांच्यावरून त्या लोकांच्या स्वभावाविषयी काही कळेल, पण त्यांच्या म्हणण्याच्या खरेपणाविषयी काहीच कळत नाही.

खरेपणाची कसोटी वेगळी आहे. आपले म्हणणे चुकीचे ठरेल असा पुरावा कोणता, हे सांगता येते का, आणि तसा पुरावा आल्यावर म्हणणे सोडले जाते का, ही ती कसोटी. ओझोनच्या थराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शीतकपाटे आणि फवाऱ्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन ही द्रव्ये वातावरणाच्या वरच्या थरात ओझोनचा नाश करतील, असे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. ते प्रत्यक्ष घडताना दिसले नसते तर ते भाकीत कागदावरच राहिले असते. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या संशोधकांनी दक्षिण ध्रुवावरील ओझोनची घट मोजून दाखवली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि ही द्रव्ये टप्प्याटप्प्याने बंद झाली. २०२३ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार सध्याची धोरणे टिकली तर अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. विनाशाचे भाकीत, त्यावर उपाय आणि उपायाचे परिणाम मोजण्याची सोय या तिन्ही गोष्टी इथे आहेत.

याहून बोलके उदाहरण एका चुकीचे आहे आणि ते आपल्या हिमालयाशी जोडलेले आहे. आयपीसीसी या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे विधान छापले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या चर्चापत्रात हिमनद्या असामान्य वेगाने मागे हटत असल्याचे नाकारले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशा शब्दांत केली. ती भाषा खरोखरच मठाधिपतीला शोभणारी होती आणि ती क्षम्य मानता येत नाही. परंतु जानेवारी २०१० मध्ये मंडळाला चूक मान्य करावी लागली. तो आकडा तज्ज्ञांनी तपासलेल्या शोधनिबंधातून आलेला नव्हता. एका विज्ञान नियतकालिकातील बातमीवरून तो एका संस्थेच्या अहवालात आणि तिथून मंडळाच्या पानांत शिरला होता, हेही उघड झाले. चूक पकडण्यात हिमनद्यांचा अभ्यास करणारेच पुढे होते. त्यानंतरही मोजणी थांबली नाही. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचे बर्फ २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटले. २०३५ चा आकडा खोटा होता आणि हिमनद्या वितळत आहेत हे खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीने आपल्याला कळल्या आहेत.

आता आरोपाचा जो अंश खरा आहे त्याकडे वळतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १९६८ मध्ये, पुढच्याच दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील असे लिहिले. तसे घडले नाही. १९८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांच्याशी त्यांनी तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंच्या किमती दहा वर्षांत वाढतील अशी पैज लावली आणि १९९० मध्ये ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पाठवून ती हरल्याचे मान्य केले. मूळ मत मात्र त्यांनी फारसे बदलले नाही. श्रीलंकेत २०२१ च्या एप्रिलमध्ये गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर सरसकट बंदी घातली. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचे कारण होते, परंतु निर्णयाचे समर्थन सेंद्रिय शेतीच्या नावाने झाले आणि एकाच हंगामात सगळा देश सेंद्रिय करता येईल असे गृहीत धरले गेले. भाताचे पीक घटले, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. शेतकऱ्याच्या ताटातले अन्न पणाला लावून केलेल्या अशा प्रयोगाला चळवळीतल्या लोकांनी वेळीच कठोर विरोध करायला हवा होता.

महाराष्ट्रात ही टीका सर्वांत ठामपणे शेतकरी चळवळीतून आली आहे आणि ती मला दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणाऱ्या, पण सरकारी मान्यता नसलेल्या कापसाच्या बियाण्याची जाहीर लागवड केली. निंदणीची मजुरी परवडत नाही आणि मजूर वेळेवर मिळत नाहीत, हे कोरडवाहू कापूसवाल्याचे रोजचे दुखणे आहे. त्याला आक्षेपाचे कारण सांगताना ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ एवढेच सांगितले तर तो त्याला श्रद्धाच म्हणणार, आणि त्याचे चुकणार नाही. वाण बदलण्याचा, संकर करण्याचा माणसाचा इतिहास हजारो वर्षांचा आहे. मात्र तणनाशकाला सरावलेली तणे किती वाढतात, शेजारच्या पिकांवर फवाऱ्याचा काय परिणाम होतो, निंदणीवर पोट असलेल्या बायकांच्या मजुरीचे काय होते, हे प्रश्न विचारले तर ते तपासण्याजोगे प्रश्न आहेत. किडीला रोखणारे जनुक घातलेल्या बीटी वांग्याला ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली ती पुरेशा स्वतंत्र चाचण्या आणि एकमत नसल्याच्या कारणावरून. ती स्थगिती मला तेव्हा योग्य वाटली होती. परंतु चाचण्या अपुऱ्या आहेत म्हणून वाण नको आणि शेतातल्या चाचण्याही नकोत, अशी दुहेरी भूमिका जे घेतात, त्यांनी स्वतःला पुराव्यापलीकडे नेऊन ठेवले आहे. बांगलादेशातील शेतकरी २०१४ पासून बीटी वांगे पिकवत आहेत. तिथल्या अनुभवाचा अभ्यास न करता बोलणे आता कोणत्याच बाजूला शोभत नाही.

पण हाच निकष क्रायटनच्या भाषणालाही लावला पाहिजे. पर्यावरणवादाचा धर्मांधपणा सिद्ध करण्यासाठी त्याने ठामपणे सांगितले की डीडीटी हे कीटकनाशक कर्करोगकारक नाही, त्याने पक्षी मेले नाहीत आणि त्यावर बंदी घालायलाच नको होती. डीडीटीच्या विघटनातून तयार होणाऱ्या द्रव्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होतात, हे त्याआधीच अनेक निरीक्षणांतून आणि प्रयोगांतून दिसले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीचा समावेश मानवाला कर्करोग होण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत केला. १९७२ ची बंदी अमेरिकेतील, मुख्यतः शेतीतल्या वापरावर होती. हिवतापाविरुद्धची फवारणी त्याने जगभर थांबली नाही आणि २००४ मध्ये अमलात आलेल्या स्टॉकहोम करारातही रोगवाहक कीटकांसाठी डीडीटीची मुभा आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनी येथे सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत होते. श्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या माणसाने स्वतःचे विधान न तपासता उच्चारावे, याचा अर्थ एवढाच की हा दोष एका बाजूची मक्तेदारी नाही.

आपल्याकडे पर्यावरणाच्या नावाने चालणारा कर्मकांडी प्रकार शोधायचा असेल तर तो हवामानशास्त्रज्ञांच्या दालनात सापडणार नाही. तो दर पावसाळ्याच्या सुरुवातीला होणाऱ्या वृक्षारोपणात सापडेल. महाराष्ट्र शासनाने २०१६ पासून क्रमाने २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली. रोप लावण्याचा दिवस ठरला, छायाचित्रे निघाली, आकडे जाहीर झाले. पाच वर्षांनंतर किती झाडे उभी आहेत हा प्रश्न मात्र मागे पडला, आणि त्याच खड्ड्यात दर वर्षी नवे रोप लागते अशी गावागावांतून तक्रार ऐकू येत राहिली. याहून गंभीर गोष्ट अशी की झाड लावणे हे सर्व ठिकाणी पुण्यकर्म समजले गेल्याने माळरानांचे नुकसान झाले. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्वभाग इथली गवताळ माळराने सरकारदप्तरी पडीक ठरली आणि त्यांच्यावर ग्लिरिसिडियासारखी बाहेरून आणलेली झाडे लावली गेली. माळढोक पक्ष्याला उघडा माळ लागतो, लांडगा आणि काळवीट यांना गवत लागते, धनगरांच्या मेंढ्यांना चराई लागते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यातून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला त्याला इतरही कारणे आहेत, परंतु माळ हे निरुपयोगी असते आणि झाडी ही नेहमी चांगली असते, ही समजूत त्यांपैकी एक आहे. हे सांगणारे लोक कोण होते? गवताळ प्रदेशांचा अभ्यास करणारे परिसंस्थाशास्त्रज्ञ आणि पक्षिनिरीक्षक, म्हणजे पर्यावरणवादीच. आपल्याच बाजूच्या सर्वांत लोकप्रिय कर्मकांडाला शास्त्राच्या आधारे विरोध करण्याची सोय ज्या विचारात आहे, त्याला धर्म म्हणताना थांबायला हवे.

प्रत्यक्ष धर्माचे आणि निसर्गाचे नाते तर आपल्याकडे याहून गुंतागुंतीचे आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल जगापुढे मांडले. कोकणातल्या देवराहाटीत वाळले लाकूडही घरी न्यायचे नाही, देवळाच्या कामासाठी झाड तोडायचे तरी देवाला कौल लावायचा, अशी शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. इथे खरोखरच धर्माने जंगल राखले. परंतु तीच श्रद्धा गेल्या काही दशकांत देवराईकडून देवळाच्या इमारतीकडे सरकली. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी जुनी झाडे विकली गेली, कौलारू देवळांच्या जागी सिमेंटची मंदिरे उभी राहिली आणि देव तिथेच असताना राई गेली. पूज्यभाव आहे म्हणून संवर्धन होईलच असे नाही, हे यावरून कळते. राईत किती झरे उगम पावतात आणि खालच्या विहिरींना त्यांचे पाणी किती महिने पुरते, ही माहितीही गावाच्या हाती असावी लागते.

गणेशविसर्जनाच्या प्रश्नात तर भूमिका पूर्ण उलट्या आहेत. विसर्जित मूर्ती आणि निर्माल्य नदीत न टाकता दान करा, हा आग्रह महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत चिकाटीने धरला त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती होती. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक दाव्याला पुरावा मागितला, त्याला नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न हा त्याच कामाचा भाग वाटला. पर्यावरणवाद हा देव हरवलेल्या माणसांचा पर्यायी देव आहे, हे सूत्र या चळवळीला लागूच पडत नाही. आपल्या राज्यघटनेतही १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत ५१-क (छ) मध्ये वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण आहे आणि लगेच पुढच्या (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासूवृत्ती आहे. घटनादुरुस्ती करणाऱ्या संसदेला ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या विरोधात वाटली नाहीत.

इथे एक आक्षेप राहतो. विज्ञान फार तर काय घडते ते सांगेल. नदी वाचवली पाहिजे, पुढच्या पिढ्यांचा विचार केला पाहिजे हे ते सांगत नाही, आणि ते ‘पाहिजे’ म्हणजेच श्रद्धा, असे कोणी म्हणेल. ब्रिटनमधील रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणापुढे २००९ मध्ये हाच प्रश्न आला होता. मानवनिर्मित हवामान बदलावरील आणि त्यातून येणाऱ्या नैतिक कर्तव्यावरील विश्वासाला भेदभावविरोधी कायद्याचे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय न्यायमूर्ती बर्टन यांनी दिला. या निकालाचा उल्लेख ‘पर्यावरणवाद हा धर्म असल्याचे न्यायालयाने मान्य केले’ असा केला जातो, तो चुकीचा आहे. त्यांनी त्याला तत्त्वज्ञानात्मक विश्वासाच्या वर्गात ठेवले आणि तो विज्ञानावर आधारलेला आहे म्हणून तो अपात्र ठरत नाही, असे म्हटले. गुलामगिरी वाईट आहे, मुलींनी शिकले पाहिजे, अस्पृश्यता हा गुन्हा आहे, यांपैकी कोणतेही ‘पाहिजे’ प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही, तरी त्यांना आपण धर्म म्हणत नाही. त्यांना नीती म्हणतो आणि त्यांच्यासाठी कारणे देतो.

म्हणून मूर्तींचाच प्रश्न पुन्हा घेतो, कारण तो अजून मिटलेला नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी आली. पेण आणि परिसरातील मूर्तिकारांची रोजी त्या प्लास्टरवर उभी होती. शासनाने नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास परवानगी दिली, पण विसर्जन नैसर्गिक जलाशयात नको असे म्हटले. जुलैमध्ये सहा फुटांहून उंच मूर्तींना नैसर्गिक जलाशयातील विसर्जनासाठी मार्च २०२६ पर्यंत सवलत मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या घरी प्लास्टरची मूर्ती विरघळवण्याची रीत काढली आहे आणि त्यातून उरणारे अमोनियम सल्फेट खत म्हणून वापरता येते. दुसरीकडे, पर्यावरणपूरक म्हणून जिची शिफारस होते ती शाडू माती बहुतांशी गुजरातेतून खणून, ट्रकने आणली जाते, आणि हजारो मूर्तींची ती माती एकाच तलावात गेली तर तीही गाळ म्हणून तळाशी बसते. शाडू आपोआप पवित्र नाही आणि प्लास्टर आपोआप पाप नाही. कोणत्या मूर्तीचे, कोणत्या रंगाचे, किती उंचीचे विसर्जन कोणत्या पाण्यात झाले तर त्या पाण्यातील प्राणवायू, जड धातू आणि गाळ यांचे काय होते, याची मोजणी प्रत्येक तालुक्यात विसर्जनाच्या आधी आणि नंतर व्हावी, तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि त्या आकड्यांनी माझे आजचे मत चुकीचे ठरवले तर ते बदलायला मी तयार आहे. प्लास्टरचा आग्रह धरणाऱ्या मंडळांकडूनही मला तेवढीच तयारी हवी आहे.